नाताळचा गूळ

खुटबावच्या फाट्यावर एस.टी.तून उतरताच शमुवेलला परत फिरावंसं वाटलं. पण शिरूरहून निघताना त्यानं बायकोला, कृपाबाईला, शब्द दिला होता. सहा वर्षं तो चर्चमधलं प्रभुभोजन घेत नव्हता. भाकरीचं ताट समोर आलं की मान खाली घालून पुढं सरकवायचा. ज्याचा घात केला त्याची माफी मागितल्याशिवाय भाकर हाती कशी घ्यायची?

मुंबईच्या एका कंपनीत तो आणि खुटबावचा मच्छिंद्र टेलिफोनचे बोर्ड बांधायचे आणि परदेशातल्या ऑफिसांत नेऊन बसवायचे. बाहेरून सगळे बोर्ड सारखेच. म्हणून ज्यानं आतल्या वायरी जोडल्या, त्यानं झाकणाआड आपल्या नावाची चिठ्ठी खोचायची, असा रिवाज होता.

एडनला एका जहाज कंपनीत त्यांनी दोन बोर्ड बसवले. दुसऱ्याच दिवशी एकाच्या वायरी जळाल्या. शमुवेल आधी पोचला. झाकण उघडलं, तर आत स्वतःचंच नाव. घरी तीन लेकरं होती. साहेब यायच्या आत त्यानं दोन्ही बोर्डांतल्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली.

मच्छिंद्रची नोकरी गेली. तो निमूटपणे गावी परतला. त्यावर कहर म्हणजे, दर नाताळला त्याच्याकडून गुळाची ढेप यायची. लेकरं मिटक्या मारत खायची, शमुवेलनं मात्र कधी खडाही तोंडात टाकला नाही.

मच्छिंद्र गुऱ्हाळावरच सापडला. शमुवेलला बघताच तो धावत आला आणि पाया पडला.

"मामा, तुम्ही आन् हितं?"

त्यानं घोंगडी अंथरली, रसाचा पेला पुढं केला, पण नजर काही वर उचलेना. राग असणारच, शमुवेलच्या मनात आलं.

"रस राहू दे. आधी ऐक. एडनला त्या जळक्या बोर्डात तुझी चिठ्ठी मी घातली."

"ठाऊक हाय."

"आन् तरी गूळ धाडतोस?"

"धाडणार न्हाई तर काय! मुंबईतच माझे जोड कच्चे राहिले व्हते, मामा. भ्यालो, आन् तुमची चिठ्ठी माझ्या बोर्डात खोचली, माझी तुमच्या बोर्डात. तुम्ही वळखलंत, जिथल्या तिथं केलंत, वर सायबाला चकार शब्द बोलला न्हाईत." मच्छिंद्रनं डोळे पुसले. "तुमच्यासारखा खरा माणूस म्या दुसरा बघितला न्हाई."