झेपेल का?

रुग्णालयातल्या सगळ्या वॉर्डांच्या औषधांच्या वेळा लावणारा मुख्य सर्व्हर अपग्रेडसाठी थांबवायचा होता. त्याआधी सगळी कामं बदली म्हणून ठेवलेल्या बॅकअप सर्व्हरवर न्यायची. अकराच्या औषधांची यादी निघायला चारच मिनिटं उरली होती; यादी अडली, तर रुग्ण अडले.

"एवढं ओझं या बदलीवाल्याला झेपेल का हो, ताई?" साहेबांनी घाम पुसत विचारलं. सर्व्हर सांभाळणाऱ्या ताई नऊ वर्षं हंगामीच होत्या. त्यांना कायम करायचा विषय निघाला, की साहेब हेच विचारायचे.

ताईंनी श्वास रोखून कळ दाबली. पडद्यावरचं उत्तर वाचून त्या हळूच म्हणाल्या,



"मागच्या अपग्रेडनंतर कामं परत मुख्य सर्व्हरवर आणायला तुम्ही विसरलात, साहेब. आठ महिने सगळं हा बदलीवालाच ओढतोय."