अर्ध्या मिनिटाची सवड
शेषाद्री बायकोवर हात उगारण्याआधी मृदंगाची सीडी मोठ्याने लावायचा, म्हणजे मैलापूरच्या गल्लीत तिचं ओरडणं ऐकू जायचं नाही. पण जुना व्हॉल्व्हचा अँप्लिफायर तापायला अर्धं मिनिट घ्यायचा, तेवढ्यात तुळसी स्वयंपाकघरात शिरून कडी लावायची. वडिलांच्या साठीला मुलाने नवा घ्यायचं ठरवलं. दुकानात ती म्हणाली, “व्हॉल्व्हचाच घे, जयतीर्था.” “अम्मा, तुला काय कळतंय ह्यातलं? ट्रान्झिस्टरचा बघ, बटण दाबलं की वाजतो!” तो बंगळूरला परतला त्याच दुपारी कॉफी पातळ झाली. शेषाद्रीने बटण दाबलं, मृदंग लगेच कडाडला आणि पट्टा तुळसीच्या पाठीवर बसला. स्वयंपाकघर चार पावलांवर राहिलं. कोपऱ्यात काढून ठेवलेला जुना अँप्लिफायर होता, लोखंडी, जड. तिने तो दोन्ही हातांनी उचलला. नव्याचा आवाज खरंच दणदणीत होता. शेषाद्रीची किंकाळी कुणालाच ऐकू गेली नाही.