पाठीमागची मूठ

तेलातला शेवटचा बुडबुडा वर यायला तीन दिवस लागले. तिन्ही दिवस वडील त्या काचेच्या बरणीसमोर स्टूल टाकून बसले होते. आत चंदेरी कागद आणि प्लॅस्टिक एकावर एक ठेवून केलेली घट्ट गुंडाळी, वर मधाच्या रंगाचं तेल. दुपारचं ऊन बरणीतून गाळून येई आणि भिंतीवर एक पिवळं तळं हलत राही.

"आता हिच्यात वीज साठेल," ते म्हणाले. "तुम्ही जरा मागे सरा, बाई."

महिनाभर ते आपल्या लेकीलाच 'बाई' म्हणत होते. लेक दाराशी उभी होती, एक हात मेन स्विचवर, दुसऱ्यात कुलूप. जेवलो की नाही हे ज्याला आठवत नाही, त्याच्या हाती वीज कशी द्यायची? आज खोली बंद करायची, असं भावाबहिणीचं ठरलं होतं. हे शेवटचंच. काही चुकलं, की स्विच पाडायचा.

वडिलांनी स्टुलावरून उठून बटण दाबलं. ट्रान्सफॉर्मर अंगाई गुणगुणल्यासारखा घुमू लागला. त्यांचा डावा हात आपला आपण पाठीमागे गेला, मूठ मिटली. विजेचं काम एकाच हातानं. दोन्ही लागले तर वीज काळजातून जाते. लहानपणी ती, त्यांची ठमी, त्या मुठीकडे बघत तासन्‌तास बसायची. काम संपलं की मूठ उघडे आणि ती तिच्यात आपलं बोट घाली.

बटण बंद झालं. घुमणं विरलं. तार लावलेली लांब काठी वडिलांनी बरणीतून वर आलेल्या दोन्ही पट्ट्यांना टेकवली. फाट्! निळी ठिणगी. मग इतकं शांत झालं, की भिंतीवरचं तळंसुद्धा थांबल्यासारखं वाटलं. ती स्विच सोडून कधी पुढे गेली, तिचं तिलाच कळलं नाही. बोट मुठीला लागणार, इतक्यात...

"थांब, ठमे!" मागे न बघताच ते खेकसले. "एकदा रिकामं केलं म्हणून लगेच रिकामं होतं होय? आत मुरलेलं असतं ते परत वर येतं. आधी तार बांधू दे."

ती जागच्या जागी थिजली. चूक झाली होती, पण तिची.

"लावलंस का गं कुलूप?" बाहेरून भाऊ ओरडला. "की मीच येऊ?"

काठी पुन्हा टेकली. फुट्. या वेळी ठिणगी मोहरीएवढी.

"हळू बोल, दादा," ती म्हणाली. "तार बांधायचीय अजून."

वडील एका हातानं, सावकाश, दोन्ही पट्ट्यांभोवती तारेचे वेढे घालू लागले. एक. दोन. तिसरा घट्ट बसला, आणि पाठीमागची मूठ उघडली.

तिनं कुलूप स्टुलावर ठेवलं. बोट मोकळं हवं होतं.