वाळूत पुरलेलं फर्न

भिंतीवरचा हवेचा काटा लाल पट्ट्यात घसरला, तशी मृणालिनीने फिशटँकमध्ये हात घातला. जमिनीखालच्या या खोलीत एकच मिणमिणता दिवा होता आणि त्या उजेडात तगणाऱ्या फर्नवरच तिघांचा श्वास चालायचा. पण दोऱ्याने दगडाला बांधलेलं फर्न दगडावर नव्हतंच. वाळू उकरल्यावर त्याचं खोड काळ्या चिखलासारखं तिच्या बोटांना चिकटलं.

"हे पुरलं कोणी?"

"मी," सासरे म्हणाले. वर राहायचे तेव्हा त्यांची गुलाबांची बाग होती. "उघडं पडलं होतं गं. म्हटलं, नीट रोवून द्यावं."

"आप्पा, याचं खोड झाकलं की कुजतं हो!"

"शेजारच्या खोलीतून थोडं फर्न मागू या?"

"त्यांनाच पुरत नाही. कोण देईल?"

शोधून शोधून तिला एक हिरवं पान सापडलं. तिने ते दगडाला बांधलं. "यालाच फुटवे येतील. पण तोवर हवा दोघांनासुद्धा जेमतेम पुरेल."

आप्पा कोपऱ्यात जाऊन बसले. थोड्या वेळाने छोटी इरा हसत म्हणाली, "आई, आजोबा बघ ना, नाक दाबून बसलेत."