बाळंतिणीचा शेक

पंच्याण्णव साली वैदेहीच्या बाळंतपणासाठी तिची आई सुलभाताई पेणहून नेरूळच्या नव्या फ्लॅटमध्ये आल्या. काचेच्या खिडक्या घट्ट लागतात हे पाहून त्या खूश झाल्या. "बाळंतिणीला अशीच खोली हवी. आमच्याकडे कौलांतून केवढा वारा यायचा."

बाळ-बाळंतीण घरी आल्यावर त्यांनी खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवली आणि दाराच्या फटीत जुनं लुगडं कोंबलं.

"आई, डोकं जड झालंय गं," वैदेही म्हणाली.

"शेकाने झापड येतेच. झोप तू."

दुपारी त्यांनी जावयाला दार उघडून दाखवलं. मायलेकरं शांत निजली होती. "बघा, गाल कसे लाल झालेत. शेक मानवला."

***

संध्याकाळी डॉक्टरांनी आधी वैदेहीच्या, मग बाळाच्या छातीवरून स्टेथोस्कोप काढला. "कोळशाचा विषारी वायू श्वासातून रक्तात गेला, हृदयाने तोच अंगभर फिरवला. जीव गेल्यावरही गाल असेच लाल राहतात."