कंपनीचं पुष्पचक्र

गल्लीत कुणी गेलं, की रक्ताची माणसं पोचायच्या आत सिमेंट कंपनीचं पुष्पचक्र दारात हजर. कारखान्याच्या धुळीची चौकशी करायला सरकारी साहेब आले, तेव्हा काकूंनी त्यांना उभ्या उभ्या झापलं, "धूळ कुठं नाही हो? आमचे सख्खे दीर तोंड फिरवतात, पण आमच्या दुःखाला कंपनी धावून येते!" काकूंपुढे बोलायची कुणाची टाप? सगळ्या गल्लीनं माना डोलावल्या आणि साहेब आल्या पावली परत गेले.

काल काकूंनी खोकणाऱ्या काकांना कंपनीच्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो बराच वेळ न्याहाळला, मग हसून म्हणाले, "साधा खोकला आहे, काकू." औषधाची बाटलीही फुकट दिली.

आज सकाळी दार वाजलं. कंपनीच्या माणसानं पुष्पचक्र काकूंच्या हातात ठेवलं, "फार वाईट झालं हो," म्हणाला आणि मान खाली घालून निघून गेला. फुलांवरच्या पट्टीवर नाव होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या काकूंना वाचता येणारं ते एकमेव नाव, उखाण्यात घ्यायचं.

आतून खोकत खोकत काकांनी विचारलं, "अगं, आज कोण गेलं?"