कान ओढणारा इन्स्पेक्टर

विश्राम टिपणीस जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी दर रविवारी दुपारी चार वाजता ते ‘काळोखी खाडी’ मालिकेत इन्स्पेक्टर म्हणून हजर व्हायचेच. चेहरा आणि आवाज त्यांनी करारात लिहून दिला होता. बाकीचं यंत्र पाहायचं. ज्या तर्कावर सगळ्यात जास्त प्रेक्षकांचा विश्वास, तोच पुढे मालिकेत खरा ठरायचा.

“मामी, मामा हल्ली सारखा डावा कान ओढतो ना, त्यावरून नुसती भांडणं चाललीत,” मालिका बघता बघता भाची शलाका रोहिणीबाईंना म्हणाली. “कुणी म्हणतं तोच खुनी, कुणी म्हणतं हा त्याचा जुळा भाऊ. पण जिंकला तिसराच तर्क. इन्स्पेक्टर अमर आहे! आता मालिका संपायचीच नाही.”

रोहिणीबाईंचा चहा हातातच राहिला. विश्रामनी कॅमेऱ्यासमोर कधीच कान ओढला नव्हता. घरी पाहुणे चिकटून बसले, की फक्त बायकोला दिसेल असा ते ओढायचे. मग ती मोठ्यांदा जांभई द्यायची. ही खूण यंत्राला कुणी सांगितली?

पडद्यावरच्या इन्स्पेक्टरने खुर्चीतून थेट त्यांच्याकडे पाहिलं आणि कान ओढला.

रोहिणीबाईंनी जांभई दिली. मग नेहमीच्याच सुरात म्हणाल्या, “चला, उद्या लवकर उठायचंय.”

तो उठला, टोपी घेतली आणि दाराबाहेर गेला.

पुन्हा आला नाही. रिकाम्या खुर्चीवर आठवडाभरात तीन हजार तर्क आले. त्यांत जांभईचा एकही नव्हता.